जुनी मेल न्यूज सर्व्हरवर चढवणारी हत्यारं : वापरून झाल्यावरचं मत

जुनी मेल छोट्या न्यूज सर्व्हरवर, म्हणजे विषयवार ग्रुपमध्ये मेसेज साठवणाऱ्या मशीनवर, चढवायची असेल तर आयएनएन या न्यूज सर्व्हरच्या प्रोग्रामसोबत येणारा ‘आरन्यूज’ घ्या. दुसऱ्या सर्व्हरवरचा मजकूर ओढून आणायचा असेल तर ‘पुलन्यूज’ घ्या. मला कुणी चहाच्या टपरीवर विचारलं तर मी एवढंच सांगेन. पण ही हत्यारं फार कमी बोलतात. काम झालं तरी गप्प, अडलं तरी जवळजवळ गप्प. कुठं अडतं आणि का अडतं हे आधी माहीत असेल तर हे काम एका दुपारचं आहे, नसेल तर पंधरवडा जातो. म्हणून सविस्तर लिहिते.

अंबाजोगाईत माझं डीटीपीचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बीड, लातूर, परभणी, नांदेड या भागातले काही शेतकरी, काही निवृत्त शिक्षक आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेले दोघे-तिघे अशी आमची एक मंडळी आहे. सगळ्यांच्या अंगणात पर्जन्यमापक आहे आणि बऱ्याच वर्षांपासून आम्ही पावसाच्या नोंदी एकमेकांना मेलवर पाठवत आलोय. नोंदीसोबत पिकाचं दोन ओळी लिहायचं, ही आमची रीत. ‘आज ३२ मिमी, सोयाबीननं मान वर केली’ अशी मेल त्यात शेकड्यांनी आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, त्या दिवशी स्टेशनवर जाऊन आलेल्या एका सरांचं पत्र त्यात आहे. दहा डबे, एका डब्यात सुमारे ५० हजार लिटर पाणी, आणि ते बघायला जमलेली माणसं, असं सगळं त्यांनी लिहून ठेवलंय. २०१७ ची गुलाबी बोंडअळी आहे. सोयाबीनच्या एमएयूएस ७१ वाणाची उगवण कुणाकडं कशी झाली याच्या तक्रारी आहेत. हे सगळं वेगवेगळ्या माणसांच्या इनबॉक्समध्ये, जुन्या हार्डडिस्कवर विखुरलेलं होतं. एखादी डिस्क बसली की तेवढी वर्षं गेली.

हे एका जागी आणायला मी न्यूज सर्व्हर निवडला, त्यामागं साधा विचार आहे. एनएनटीपी ही न्यूज सर्व्हरशी बोलायची पद्धत १९८६ पासूनची, २००६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, आणि आजही ती तशीच चालते. मेसेजला उत्तर, उत्तराला उत्तर अशी साखळी नीट दिसते. गावात नेट आलं की मजकूर उतरवून घ्यायचा, नेट गेल्यावर वाचायचा, हेही जमतं. युजनेटचा, म्हणजे अशा सर्व्हरांच्या जगभरच्या जाळ्याचा, पसारा आता पहिल्यासारखा राहिला नाही. गूगल ग्रुप्सनं २२ फेब्रुवारी २०२४ पासून युजनेटचा नवा मजकूर घेणंही थांबवलं. पण आम्हाला जगाशी जोडलेला सर्व्हर नकोच होता. डेबियन लिनक्स टाकलेला जुना डेस्कटॉप, त्यावर आयएनएनची २.७ मालिका आणि चार-पाच ग्रुप, एवढं पुरलं. आयएनएन रिच साल्झ यांनी लिहिलं, १९९२ मध्ये ते बाहेर आलं आणि अजून त्याची निगा राखली जाते. पैसे पडत नाहीत.

आता मुद्द्याचं. मेल आणि न्यूजचा लेख दिसायला सारखाच असतो, पण न्यूजच्या लेखाला सहा हेडर, म्हणजे मजकुराच्या वरच्या माहितीच्या ओळी, लागतातच: डेट, फ्रॉम, मेसेज-आयडी (प्रत्येक मेसेजची स्वतःची वेगळी खूण), सब्जेक्ट, न्यूजग्रुप्स आणि पाथ. मेलमध्ये पहिले चार असतात, शेवटचे दोन नसतात. ते घालायचं काम ‘फॉरमेल’ करतो. तो प्रोकमेल या मेल वाटणाऱ्या प्रोग्रामसोबत येतो. ‘-एस’ दिलं की एमबॉक्स फाइलमधलं, म्हणजे एकाखाली एक मेल साठवलेल्या फाइलमधलं, एकेक मेल सुटं करून पुढच्या कमांडला देतो, मोठं ‘-आय’ दिलं की हेडर बदलतो किंवा नवा घालतो. एखाद्या मेलला मेसेज-आयडीच नसेल तर छोटं ‘-ए’ देऊन रिकामा मेसेज-आयडी सांगायचा, तो स्वतः तयार करून घालतो. मोठं ‘-डी’ देऊन एकाच मेसेज-आयडीची दुसरी प्रत गाळताही येते, आणि आमच्याकडं एकच मेल पाच जणांच्या इनबॉक्समधून आलेलं असल्यानं याचा फार उपयोग झाला. जुना आहे, रुक्ष आहे, पण मी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकते. एक सांभाळा: विंडोजवरच्या मेल प्रोग्राममधून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी जादा कॅरेज रिटर्न असतो. तो आधी काढून मगच फॉरमेलला द्या.

आरन्यूजला दोन प्रकारे खायला घालता येतं. एकेक लेख सुटा द्या, नाहीतर सगळ्यांची एक बॅच बांधून द्या. बॅचमध्ये प्रत्येक लेखाच्या आधी एक ओळ असते: हॅश, उद्गारचिन्ह, ‘आरन्यूज’ हा शब्द आणि पुढं एक आकडा. हा आकडा म्हणजे लेखाची लांबी, बाइटमध्ये. इथं मराठी माणसानं थांबून बघायला हवं. ‘नमस्कार’ हा शब्द घ्या. युनिकोडच्या हिशेबानं त्यात सात चिन्हं आहेत, हलन्त आणि काना धरून. पण यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे तो शब्द २१ बाइटचा झाला. मोजणी करणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ कमांडला ‘-सी’ दिलं तर २१ येतात, ‘-एम’ दिलं तर ७. बॅच बांधणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘-एम’ असेल तर आरन्यूज लेख पुरा न वाचताच थांबतो, पुढच्या लेखाची ओळ शोधतो, आणि त्याला सापडतो बोंडअळीवरच्या परिच्छेदाचा मधलाच तुकडा. पुढची अख्खी बॅच वाया. इंग्रजी मजकुरात बाइट आणि अक्षर सारखंच भरतं, त्यामुळं नेटवर सापडणाऱ्या तयार स्क्रिप्टमध्ये हा फरक कुणी केलेला नसतो. ‘-सी’ आहे ना, एवढं बघूनच स्क्रिप्ट वापरा.

आरन्यूज मला का आवडतो, तर तो लेखाला हात लावत नाही. न्यूज सर्व्हरला लेख देण्याचे दोन रस्ते आहेत. एक ‘पोस्ट’, म्हणजे वाचक आत्ता लिहितोय असं समजून घेतलेला लेख. सर्व्हर त्यात स्वतःचे हेडर घालतो, तपासण्या करतो. दुसरा रस्ता ‘आयहॅव’, म्हणजे एका सर्व्हरनं दुसऱ्याला ‘हा लेख माझ्याकडं आहे, हवा का?’ असं विचारणं. आडतीवर आधी मूठभर वानगी दाखवायची आणि व्यापाऱ्यानं मान हलवली तर मगच पोती उतरवायची, तसा हा व्यवहार. वानगी म्हणजे मेसेज-आयडी. सर्व्हरनं ३३५ म्हटलं की लेख पाठवायचा, ४३५ म्हटलं की नको. पाठवल्यावर २३५ आलं तर जमा, ४३७ आलं तर नाकारला, ४३६ आलं तर नंतर या. आरन्यूज याच दुसऱ्या रस्त्यानं जातो, त्यामुळं २०१६ च्या मेलची तारीख २०१६ चीच राहते, मेसेज-आयडी तोच राहतो आणि उत्तरांची साखळी तुटत नाही. जुना ठेवा हलवणाऱ्याला याहून मोलाचं काही नाही. ज्या हत्यारानं तारीख बदलली, त्यानं नोंद बिघडवली असं मी समजते. पावसाच्या नोंदीत तारखेलाच तर किंमत असते.

दुसरा गुण आमच्याकडच्या विजेशी जुळणारा. सर्व्हर बंद असला तरी आरन्यूज लेख फेकून देत नाही. येणाऱ्या मजकुराच्या फोल्डरमध्ये ठेवून देतो, आणि सर्व्हर उठल्यावर मोठं ‘-यू’ देऊन चालवला की साठलेलं सगळं आत ढकलतो. लोडशेडिंगच्या दिवसांत याचा फार आधार वाटला. चालवायचा मात्र ‘न्यूज’ या युजरच्या नावानं, रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरच्या, नाही. नाहीतर फाइलींची मालकी बिघडते.

आता अडचणीकडं येते. पहिली बॅच घातली की जवळजवळ सगळं ४३७ येणार, कारण आयएनएनच्या आयएनएन-डॉट-कॉन्फ फाइलीत ‘आर्टकटऑफ’ नावाची मर्यादा आहे आणि ती मुळात १० दिवसांची असते. दहा दिवसांहून जुना लेख सर्व्हर घेतच नाही. जगभरच्या सर्व्हरांच्या जाळ्यात ही मर्यादा योग्यच आहे, नाहीतर जुने लेख पुन्हा पुन्हा फिरत राहतील. पण आपल्याला ती शून्य करावी लागते. शून्य म्हणजे वयाची अट नाही. बदल केल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करायचा.

एवढ्यावर भागत नाही. परळीकडच्या एका काकांनी फोन केला होता, “ताई, माझं सोळा सालचं मेल काही केल्या दिसंना की. बाकीच्यांचं दिसायलंय.” मर्यादा शून्य झालेली, मेल बॅचमध्ये होतं, तरी सर्व्हर त्याला ४३५ म्हणत होता, म्हणजे ‘आहे माझ्याकडं, नको’. नव्हतंच. झालं असं होतं की आयएनएन नाकारलेल्या लेखाचा मेसेज-आयडीसुद्धा लक्षात ठेवतं, म्हणजे तोच लेख पुन्हा कुणी दाखवला तर न बघताच परत पाठवता येतो. या सोयीचं नाव ‘रिमेम्बरट्रॅश’, आणि ती मुळात चालूच असते. वयामुळं किंवा ग्रुप तयार नसल्यामुळं एकदा नाकारलेला लेख, कारण दूर केलं तरी, हिस्टरी फाइलमधली ती नोंद असेपर्यंत आत येत नाही. “काका, मेल हाय, सर्व्हरच्या डोक्यातून जुना नकार काढावा लागेल,” असं मी त्यांना सांगितलं. तेव्हा हा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावा: आधी आयएनएनला हुकूम देणाऱ्या सीटीएलआयएनएनडी कमांडनं सगळे ग्रुप तयार करायचे, आर्टकटऑफ शून्य करायचं, रिमेम्बरट्रॅश बंद करायचं, सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, आणि त्यानंतरच पहिली बॅच घालायची. आयात संपल्यावर रिमेम्बरट्रॅश पुन्हा चालू केलं तरी चालतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात घातकी, कारण ती काम झाल्यानंतर होते. एक्सपायर-डॉट-सीटीएल फाइलीतली मूळ ओळ लेख काही दिवस ठेवते आणि मग रात्रीच्या साफसफाईत काढून टाकते. दैनंदिन बातम्यांसाठी ती ठीक आहे. जतन करायचा मजकूर असेल तर तिथल्या आकड्यांच्या जागी ‘नेव्हर’ हवं. हे न बदलता कुणी आयात केली आणि मूळ फाइली पुसल्या तर काय होईल हे मला लिहायचंही धाडस होत नाही. मूळ एमबॉक्स फाइली पुसूच नका. पेनड्राइव्ह आता स्वस्त आहेत.

फोटोंचंही सांगते. ‘मॅक्सआर्टसाइझ’ मुळात १० लाख बाइट असतं. फोटो मेलला जोडला की बेस-६४ या साध्या अक्षरांच्या रूपात तो एक तृतीयांशानं फुगतो, म्हणजे मूळ फोटो साधारण सव्वासातशे केबीच्या वर गेला की लेख नाकारला जातो. भेगा पडलेल्या रानाचे मोबाइलवर काढलेले फोटो सगळे याच्या वर. आम्ही मर्यादा वाढवली, पण फार नाही. मोठे फोटो वेगळ्या फोल्डरात काढून त्या जागी फाइलीचं नाव लिहिलं.

हे सगळं कुठं कळतं, तर सर्व्हरच्या ‘न्यूज’ नावाच्या लॉगमध्ये. प्रत्येक लेखाची एक ओळ, त्यात वेळ, मग एक चिन्ह. अधिक म्हणजे घेतला, उणे म्हणजे नाकारला, इंग्रजी ‘जे’ म्हणजे ओळखीचा ग्रुप नसल्यानं जंकमध्ये टाकला. पुढं मेसेज-आयडी आणि नाकारलं असेल तर कारण. आरन्यूजला ‘-व्ही’ दिलं तर काही चुका पडद्यावर येतात, पण खरा हिशेब इथंच आहे. बॅच घालताना दुसऱ्या खिडकीत ‘टेल’ लावून हा लॉग वाहता ठेवा. उण्याच्या ओळी दिसायला लागल्या की हात थांबवा. आरन्यूजबद्दल माझी एकच नाराजी आहे: शेवटी ‘एवढे घेतले, एवढे नाकारले’ अशी एक ओळ तरी त्यानं छापायला हवी होती. ते मला लॉगवर ग्रेप ही शोधायची कमांड चालवून मोजावं लागतं. तरीही पाचपैकी साडेचार.

पुलन्यूजची गरज पडली नांदेडच्या मित्रामुळं. त्याच्याकडं अशाच मंडळींचा एक जुना सर्व्हर होता आणि तो बंद करायचा होता. पुलन्यूज हे पर्लमध्ये लिहिलेलं आणि आयएनएनसोबतच मिळणारं हत्यार. होम फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवायची: वरच्या सर्व्हरचं नाव, खाली थोडं आत सरकवून ग्रुपची नावं. ते साध्या वाचकासारखं वरच्या सर्व्हरकडून लेख घेतं आणि आपल्या सर्व्हरला आयहॅवनं देतं. वरच्या सर्व्हरच्या मालकाकडं जाऊन ‘आम्हाला फीड द्या’, म्हणजे मजकूर आपणहून पाठवत जा, असं म्हणावं लागत नाही, वाचायची परवानगी असली की झालं. प्रत्येक ग्रुपचा कुठवर आणलाय तो नंबर ते त्याच फाइलीत लिहून ठेवतं. जुनं पहिल्यापासून सगळं हवं असेल तर छोट्या ‘-डब्ल्यू’ला शून्य द्यायचं.

इथं दोन पर्याय मी कधीच वगळत नाही. एक ‘-के’. तो दिला नाही तर कुठवर आलो ही नोंद अगदी शेवटी लिहिली जाते, आणि मध्येच लाइट गेली तर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. ‘-के’ला पन्नास दिलं तर दर पन्नास लेखांनी नोंद होते. दुसरा मोठा ‘-ओ’: लेख उतरवण्याआधी तो आपल्याकडं आहे का ते विचारतो. नांदेडच्या ग्रुपमधले कितीतरी मेसेज आमच्याकडं आधीच होते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते फुकट उतरवण्यात अर्थ नव्हता.

तरी नेटनं सगळं यायला फारच वेळ लागत होता. मग मित्रानं त्याच्याच मशीनवर पुलन्यूजला ‘-आर’ देऊन चालवलं. याचा फायदा असा की लेख दुसऱ्या सर्व्हरकडं न जाता आरन्यूजला चालेल अशा बॅच फाइलीत जमा होतात. ती फाइल पेनड्राइव्हवर घालून त्यानं एसटीनं येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवली, आणि मी इथं आरन्यूजला दिली. तेवढ्यात काम झालं. बाइटची मोजणीही पुलन्यूजनंच बरोबर केलेली, त्यामुळं वर सांगितलेली भानगडच नाही. ज्यांच्याकडं दोन्ही टोकांना नेट कच्चं आहे, त्यांना मी हाच रस्ता सांगेन.

वाचणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. लेखाचा नंबर प्रत्येक सर्व्हरचा आपापला असतो. नांदेडला ज्याचा नंबर बाराशे काही होता, त्याला इथं वेगळाच मिळाला. कायम राहतो तो मेसेज-आयडी. ‘बाराशे नंबरचं पत्र बघा’ असं जुन्या मेसेजमध्ये कुणी लिहिलं असेल तर ते आता लागणार नाही. वाचायच्या प्रोग्राममध्येही सर्व्हर नव्यानं जोडून ग्रुप पुन्हा निवडावे लागतात, नाहीतर वाचलेलं न वाचलेलं दाखवतो आणि लोकांचे फोन सुरू होतात.

रोजच्या मेलसाठी ‘मेलपोस्ट’. आमच्यातले निम्मे लोक अजून मेलच वापरतात आणि मी त्यांना ते सोडा म्हणणार नाही. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या एलियास फाइलीत एक ओळ टाकली की ठरावीक पत्त्यावर आलेलं मेल मेलपोस्टकडं जातं आणि तो ते ग्रुपवर टाकतो. आतून तो ‘आयन्यूज’ वापरतो, म्हणजे हा पोस्टचा रस्ता झाला. त्यामुळं जुना साठा चढवायला तो वापरू नका, आजच्या मेलसाठीच ठेवा. छोटं ‘-एन’ दिलं तर काही न टाकता काय टाकलं असतं ते छापून दाखवतो. सुरुवातीला हे वापरून बघावंच. ‘-सी’ हा पर्याय आमच्या फार कामाला आला. सर एकच मेल पाऊस आणि पीक अशा दोन्ही ग्रुपच्या पत्त्यांवर पाठवतात. ‘-सी’ नसेल तर पहिली प्रत पाऊसमध्ये पडते आणि दुसरी त्याच मेसेज-आयडीची म्हणून नाकारली जाते, पीकमध्ये काहीच दिसत नाही. ‘-सी’ला काही सेकंद दिले तर मेलपोस्ट तेवढा थांबतो, दोन्ही प्रती एकत्र करतो आणि एकच लेख दोन्ही ग्रुपवर टाकतो. ज्यानं हे लिहिलं त्यानं माणसं खरोखर मेल कशी पाठवतात ते पाहिलेलं असणार.

आयन्यूज एकटाही वापरता येतो, एखादी सूचना टाकायला. ‘-एच’ दिलं की फाइलीतलेच हेडर घेतो, मोठं ‘-डी’ दिलं की न पाठवता पूर्ण लेख छापून दाखवतो. होम फोल्डरमधली सिग्नेचर फाइल तो आपोआप जोडतो आणि ती चार ओळींहून मोठी असली तर अडतो. नाव, गाव, तालुका, जिल्हा, फोन असं पाच ओळीत लिहायची आपल्याकडं सवय, म्हणून मोठं ‘-एस’ देऊन सिग्नेचर वगळा.

स्वतःची स्क्रिप्ट लिहून विषयाची ओळ घालणार असाल तर कच्ची देवनागरी घालू नका. हेडरमध्ये ती सांकेतिक रूपात जावी लागते, आणि त्या रूपाचा एक तुकडा ७५ अक्षरांहून लांब चालत नाही. सुरुवात-शेवटाची खूण वजा जाता बेस-६४ मध्ये त्यात देवनागरीची १५ चिन्हं बसतात, काना-मात्रा वेगळ्या धरून. ‘सोयाबीनवरील चक्रीभुंगा’ एवढ्याशा विषयालाही दोन तुकडे लागतात. आणि चिन्ह मध्येच चिरलं जाता कामा नये, नाहीतर वाचणाऱ्याच्या पडद्यावर प्रश्नचिन्हं येतात. चांगले मेल प्रोग्राम हे नीट करतात, म्हणून जुन्या मेलचा विषय आहे तसाच जाऊ द्यावा, त्याला सुधारायला जाऊ नये. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली काही मेल आहेत, तीही आम्ही तशीच चढवली, आणि युनिकोडमध्ये बदललेली प्रत त्याच मेसेजला उत्तर म्हणून खाली जोडली. डीटीपीत इतकी वर्षं गेल्यावर मूळ प्रत हाताशी ठेवायची माझी सवय जात नाही.

पायथॉनमध्ये लिहिणाऱ्यांसाठी: न्यूज सर्व्हरशी बोलायचं ‘एनएनटीपीलिब’ आता पायथॉनसोबत येत नाही. ३.११ मध्ये त्याच्यावर निवृत्तीची खूण पडली आणि ३.१३ मध्ये ते काढलं गेलं. जुन्या पायथॉन स्क्रिप्टवर आयातीचं काम उभं केलेलं असेल तर नवीन डेबियनवर ती उभी राहणार नाही. पर्लचं ‘नेट-एनएनटीपी’ मात्र शाबूत आहे, पुलन्यूजही त्याच्यावरच चालतं.

‘सक’ नावाचं एक हत्यार आहे, त्याबद्दल लोक विचारतात. पुलन्यूजसारखंच वाचक बनून लेख ओढतं, हवं तर आरन्यूजसाठी बॅच बनवतं, नकोशा लेखांना गाळायची सोय त्याच्यात चांगली आहे. एके काळी डायल-अपवर ते फार चालायचं. आयएनएन आहे तिथं पुलन्यूज हाताशी असताना ते वेगळं बसवायचं कारण मला दिसलं नाही. ‘लीफनोड’ हा स्वतःच एक छोटा सर्व्हर आहे, बसवायला आयएनएनपेक्षा कितीतरी सोपा, आणि वाचक जो ग्रुप उघडतो तेवढाच वरून आणतो. कुणाला फक्त बाहेरचे ग्रुप घरी आणून वाचायचे असतील तर तोच घ्या. पण त्याच्या पहिल्या मालिकेत स्वतःचे स्थानिक ग्रुप ठेवता येत नाहीत, त्यामुळं आमच्या कामाचा तो नव्हे. ‘एसएन’ नावाच्या सर्व्हरमध्ये आणणं, ठेवणं, पाठवणं, काढणं याला वेगवेगळे छोटे प्रोग्राम आहेत, रचना मला पटते, पण आमचा साठा आयएनएनमध्ये बसल्यावर मी तिकडं वळले नाही.

कुणी हे करणार असेल तर एका ग्रुपचं, एका वर्षाचं मेल आधी घ्या आणि पुढं जाण्याआधी तीन जणांना वाचायला द्या. आम्ही २०१६ चं घेतलं होतं. परळीच्या काकांचं मेल आत आल्यावर त्यांनी पुन्हा फोन केला, “आता दिसायलंय ताई, पर सरांच्या उत्तराच्या वर पाहिजे, खाली आलंय.” सरांचं ते उत्तर त्यांच्या जुन्या मेल प्रोग्रामनं आधीच्या मेसेजांचे आयडी सांगणारा रेफरन्सेस हेडर न घालता नुसतं ‘इन-रिप्लाय-टू’ घालून पाठवलं होतं आणि वाचायचा प्रोग्राम साखळी लावतो ती रेफरन्सेसवरून. फॉरमेलच्या आधी एक छोटी स्क्रिप्ट लावून जिथं रेफरन्सेस नाही तिथं इन-रिप्लाय-टू मधला मेसेज-आयडी त्यात घातला, त्या वर्षाची बॅच हिस्टरी रिकामी करून पुन्हा चढवली, आणि मगच बाकीच्या वर्षांना हात लावला.